हातांनी दिलेली कबुली

कन्फेशन म्हणजे पाद्रीबाबांपुढे पापांची कबुली. पण ज्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, त्यानं ती द्यायची कशी? अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये हा प्रश्न फारसा कुणाला पडत नव्हता. शार्ल-मिशेल द लेपे यांना पडला.

१७१२ साली व्हर्सायला जन्मलेले लेपे कॅथलिक पाद्री. धर्ममतांवरून चर्चमधल्या वरिष्ठांशी त्यांचं बिनसलेलं. १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्यांना दोन कर्णबधिर बहिणी भेटल्या. धर्माचं काहीच न कळता या मुली मरतील, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. मग हा पन्नाशीकडे झुकलेला माणूस मुलांच्याच खुणा शिकायला बसला! त्यात फ्रेंच व्याकरणासाठी काही खुणांची भर घातली, घरातच शाळा काढली. गरीब असो की श्रीमंत, फी नाहीच. प्रार्थना, कबुली, धर्मविधी सगळं आता हातांनी समजावता येऊ लागलं.

१७८९ मध्ये लेपे गेले. १७९१ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनं शाळा सरकारी छत्राखाली घेतली. खुणांच्या भाषेचे जनक म्हणून आजही त्यांचं नाव घेतात. खरं तर भाषा त्या मुलांचीच होती. लेपेंनी ती आधी शिकून घेतली, एवढंच. तेच तर कुणी करत नव्हतं.