हवेलीतली छोटी बहू

मीनाकुमारी म्हटलं की पुष्कळ जणींना ‘पाकिजा’ आठवतो. मला आठवते ती ‘साहिब बीबी और गुलाम’मधली छोटी बहू. १९६२ सालचा हा चित्रपट, बिमल मित्र यांच्या बंगाली कादंबरीवर गुरुदत्तनं काढलेला. कलकत्त्यातल्या जमीनदारांची हवेली, बाहेरून थाट आणि आतून पोखरलेली. पुरुषांच्या रात्री कोठ्यावर जातात, बाया दागिन्यांनी मढून आत बसतात. छोटी बहू नवरा घरी राहावा म्हणून आधी मंतरलेला शेंदूर लावून बघते. त्यानं काही होत नाही, तेव्हा त्याच्याच हट्टापायी दारूचा पेला तोंडाला लावते. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या वेळच्या जहागिऱ्या १९४९ मध्ये गेल्या. ढासळलेल्या गढ्या बघतच आपण मोठ्या झालो, म्हणून ती हवेली परकी वाटत नाही. तिचे कपडे केले होते कोल्हापूरच्या भानू अथैय्यांनी. पुढे १९८३ मध्ये ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं त्यांना!

मीनाकुमारी मात्र हवेलीतली नव्हती. १ ऑगस्ट १९३३ ला मुंबईत गरिबाघरी जन्मली. खरं नाव महजबीन. वडील अली बक्ष हार्मोनियम वाजवायचे. पाटी-पेन्सिलीच्या वयात, १९३९ मध्ये, ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि घर तिच्या मजुरीवर चालू लागलं. १९५१ मध्ये महाबळेश्वरहून येताना अपघात झाला, डाव्या हाताच्या करंगळीला कायमची इजा झाली. पुढे बहुतेक चित्रपटांत तिनं तो हात पदराआड इतका बेमालूम लपवला, की सांगितल्याशिवाय कळत नाही.

१९५२ मध्ये ‘बैजू बावरा’ आला. त्याच वर्षी तिनं वयानं बऱ्याच मोठ्या आणि आधीच लग्न झालेल्या कमाल अमरोहींशी गुपचूप निकाह केला. संध्याकाळी साडेसहाच्या आत घरी यायचं, मेकअपच्या खोलीत कुणा परक्याला येऊ द्यायचं नाही, अशा अटी तिच्यावर होत्या असं सांगतात. देशभर नाव झालेली बाई, अन् घरी यायची वेळ दुसऱ्यानं ठरवलेली!

आमच्याकडे बचत गटात हा विषय निघाला की एखादी हमखास म्हणते, एवढी कमावती होती, मग प्यायली कशाला? मला हा प्रश्नच पटत नाही. दारुड्या नवऱ्यांच्या बायकांबरोबर इतकी वर्षं काम करतेय. पैसा बाईनं कमवायचा आणि हिशेब दुसऱ्यानं ठेवायचा, अशी घरं मी पालममध्येही पाहिलीत.

अन् लोक समजतात तशी ती छोटी बहूसारखी पिऊन सेटवर येत नव्हती. तो अभिनय होता. त्या वर्षी फिल्मफेअरच्या उत्कृष्ट अभिनेत्रीसाठी तीन नामांकनं होती, तिन्ही तिचीच! बक्षीस छोटी बहूला मिळालं. झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी घोटभर ब्रँडी सांगितली ती नंतर. १९६४ मध्ये ती नवऱ्यापासून वेगळी झाली, औषधाचा घोट वाढत गेला आणि १९६८ मध्ये यकृताच्या उपचारासाठी लंडनला जावं लागलं.

परत येऊन तिनं कामच हाती घेतलं. नवऱ्याचा ‘पाकिजा’ कित्येक वर्षं अर्धवट पडला होता. आजारी अंगानं तिनं तो पुरा केला. नाचताना जिथं उभं राहवेना, तिथं पद्मा खन्ना तिच्या जागी घुंगट घेऊन नाचली. ४ फेब्रुवारी १९७२ ला चित्रपट लागला. ३१ मार्चला ती गेली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. त्यानंतर मात्र ‘पाकिजा’च्या तिकिटांसाठी रांगा लागल्या.