आकडे रंगवणारी परिचारिका

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेऊन रात्री खाटांमधून फिरणारी परिचारिका डोळ्यांसमोर येते. पण सैनिकांचे जीव वाचवण्यासाठी त्यांनी दिव्याइतकीच कामाला लावली ती एक रंगीत आकृती.

१८२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणिताची ओढ लहानपणापासूनची. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. तिथे जखमांपेक्षा पटकी, हगवण आणि तापानेच सैनिक दगावत होते. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने ती साफ करवली, हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्याने घटले.

युद्धानंतरचे काम अधिक कठीण होते. इंग्लंडमधल्या बराकींतही सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट होता. हे राणी, मंत्री आणि सेनापतींच्या गळी कसे उतरवायचे? त्यांचे सहकारी, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार, यांच्या मते आकडेवारी कोरडीच असावी. नाइटिंगेल यांना मात्र सत्ताधारी मंडळी कोष्टके वाचतील याचा भरवसा नव्हता.

१८५८ मध्ये त्यांनी वर्तुळाभोवती बारा पाकळ्या मांडल्या, दर महिन्याला एक. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे लाल, इतर काळे. जानेवारी १८५५ मध्ये अशा रोगांनी २,७६१ सैनिक गेले, जखमांनी ८३. कोष्टकात या दोन आकड्यांवरून नजर घसरते. आकृतीत मात्र निळ्या विस्तारात लाल रंग शोधावा लागतो. रंग तीनच, मुद्दा एकच, आणि आकृती कशी वाचायची ते शेजारीच लिहिलेले. (आपल्या वैद्यकीय परिषदांत एका स्लाइडवर चार तक्ते कोंबून, मागच्या रांगेला दिसत नसेल अशी दिलगिरी व्यक्त करणाऱ्या वक्त्यांना ही आकृती आवर्जून दाखवावी.)

आधीच्या एका आकृतीत त्यांनी मृत्युदर केंद्रापासूनच्या अंतराने दाखवला होता. पण डोळा अंतर मोजत नाही, रंगाचा पसारा पाहतो; त्यामुळे दुप्पट दर चौपट भासे. ही अतिशयोक्ती त्यांच्याच बाजूची होती, तरी त्यांनी मांडणी बदलून क्षेत्रफळच मृत्युदराच्या प्रमाणात केले. लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला.

पुढे हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांच्या आरोग्याची चौकशी सुरू झाली. इथल्या छावण्यांत दर हजारी ६९ मृत्यू होत होते. नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून आलेल्या उत्तरांच्या ढिगाऱ्यातून त्यांनी १८६३ मध्ये आपली निरीक्षणे लिहिली, आणि त्यातही चित्रे घातली.