वैमानिक जे. आर. डी. टाटा : एक अल्पचरित्र

आपल्या गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने धावपट्टी बांधली. चालू शतकात त्याच ठिकाणी वैमानिक घडविणारी संस्था उभी राहिली, आणि तेथील लहान विमाने आकाशात घिरट्या घालताना आम्ही पुष्कळदा पाहिली आहेत. गतवर्षी आमचे एक समाजबांधव चिंताक्रांत होऊन आमच्याकडे आले. शेत विकून त्यांनी मुलास वैमानिक केले. परवाना हाती आला. तरी मुलगा प्रवासी विमान न चालविता पुन्हा शिकावयास गेला. मुलगा नापास झाला अशी कुजबुज झाली व ठरत आलेली सोयरीक अडून राहिली. त्यांच्या समाधानार्थ आम्ही जे चरित्र सांगितले, तेच येथे संक्षेपाने देत आहोत.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म दि. २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. फ्रान्सच्या समुद्रकिनारी त्यांच्या घराच्या शेजारीच प्रख्यात वैमानिक ब्लेरियो यांचे घर होते. तेथेच त्यांना उड्डाणाचा ध्यास लागला. दि. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना होय. उघड्या बैठकीच्या जिप्सी मॉथ विमानातून ते उडत असत. पुढे दि. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे उतरले. भारतीय विमानसेवेचा आरंभ तो हाच.

त्यानंतर विमाने वाढत गेली. दोन इंजिनांचे डकोटा आले. दि. ८ जून १९४८ रोजी चार इंजिनांच्या कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून लंडनकडे प्रयाण केले, तेव्हा टाटा स्वतः त्यात प्रवासी होते. सन १९५३ मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. तरी सन १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले. सन १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान व सन १९७१ मध्ये प्रचंड बोइंग ७४७ त्यांच्या ताफ्यात दाखल झाले.

प्रत्येक नवे विमान आले की अनुभवी वैमानिकासही वर्गात बसावे लागे, आणि तो नियम आजही चालू आहे. बैलगाडी हाकणारा मोटार हाकू शकेलच असे नाही. तसेच हे आहे. जुन्या जेट इंजिनास शक्ती वाढविण्यास काही क्षण लागत, म्हणून निर्णय आधीच घ्यावा लागे. बोइंग ७४७ मध्ये वैमानिक जमिनीपासून इतका उंच बसतो की चाके केव्हा टेकतील याचा जुना अंदाज निरुपयोगी ठरतो. जुन्या सवयीने हात भलत्याच दांड्याकडे गेला, तर शेकडो जीव धोक्यात येतात.

म्हणूनच व्यावसायिक परवान्यासाठी सुमारे २०० तासांचे उड्डाण झाले, तरी एअरबस वा बोइंग चालविण्यास त्या त्या विमानाचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते. प्रथम त्याच्या यंत्रणांचा अभ्यास व परीक्षा. नंतर जमिनीवरील हुबेहूब बनावट कक्षात इंजिन बंद पडणे, आग लागणे अशा प्रसंगांचा सराव. शेवटी अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष उड्डाण. त्या विमानाची नोंद परवान्यावर होते. दुसरे विमान पत्करले की हा क्रम पुन्हा करावा लागतो. प्रथम सहवैमानिक व पुष्कळ अनुभवानंतर कप्तान, अशी ही पायरी आहे.

दि. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, टाटा यांनी लेपर्ड मॉथ या लहान विमानातून कराची ते मुंबई हा जुना प्रवास पुन्हा एकट्याने केला. सन १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. दि. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले.

चाळीस वर्षे शाळेत शिकविल्यावर आम्हांस एवढे कळले आहे की, पुन्हा विद्यार्थी होणे ही नामुष्की नव्हे. आमच्या त्या बांधवाचा मुलगा नापास झालेला नाही. तो पुढच्या इयत्तेत गेला आहे. मुलास या मार्गावर घालणाऱ्या पालकांनी परवान्यानंतरच्या शिक्षणाचा खर्च व काळ आधीच हिशेबात धरावा, आणि सोयरीक जोडणाऱ्यांनी उतावळेपणाने निकाल देऊ नये, अशी आमची नम्र विनंती आहे.