वसंतराव नाईक : टीका पचवणारा शेतकऱ्यांचा मुख्यमंत्री

ठाण्याहून घोडबंदर रोडने वसईकडे निघालं की दोन्ही बाजूंना उंच इमारती दिसतात. कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा ही गावं त्या इमारतींच्या मध्ये कुठंतरी दडली आहेत. पूर्वी इथं भाताची खाचरं होती. शेतकरी हळवा, निमगरवा, गरवा अशा जातींचा हिशेब करून पेरणी करायचे. ओवळ्याकडचे एक आजोबा मागे भेटले. बहात्तरच्या दुष्काळाचं काय आठवतं असं विचारलं, तर त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो मिलो. रेशनवर मिळणारी ती लाल परदेशी ज्वारी! दुष्काळाचा खरा तडाखा कोकणाला नव्हता. पण मराठवाड्यातून, नगर-सोलापूरकडून माणसं बायकापोरं घेऊन ठाण्या-मुंबईत आली, ती त्यांनी पाहिली होती.

त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. दरवर्षी १ जुलैला त्यांच्या जयंतीनिमित्त आपण कृषी दिन साजरा करतो. फोटोला हार घालतो, नारळ फोडतो, रोपं लावतो. पण या माणसाला वर्तमानपत्रांची किती टीका सोसावी लागली आणि त्यातून त्याने काय केलं, हे कार्यक्रमात फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात गहुली या गावी, बंजारा समाजातल्या शेतकरी कुटुंबात झाला. नागपूरला वकिलीपर्यंत शिक्षण झालं. काही काळ डॉ. पंजाबराव देशमुखांबरोबर अमरावतीला, नंतर पुसदला त्यांनी वकिली केली. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये आमदार. महाराष्ट्र राज्य झाल्यावर महसूल खातं त्यांच्याकडे आलं. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची आपली आजची रचना ज्या समितीच्या शिफारशींवर उभी राहिली, तिचे अध्यक्ष तेच होते. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. म्हणजे आपण ग्रामसेवक, विस्तार अधिकारी मंडळी ज्या खुर्चीवर बसतो, तिच्याशीही त्यांचा संबंध आहे.

मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. तोंडात पाईप, अंगात नीटनेटका पोशाख, बोलणं शांत. हा पाईपवाला माणूस शेतकऱ्यांचा कसा, अशी टिंगल व्हायची. मुंबईतल्या संघटनेला ते आतून बळ देतात, असा आरोप करून विरोधकांनी शिवसेनेला वसंतसेना म्हणायला सुरुवात केली. वसंतराव मात्र चिडून अंगावर जाणाऱ्यांतले नव्हते.

टीकेला मोठं निमित्त त्यांनी स्वतःच दिलं. १९६५ साल होतं. धान्याची टंचाई, युद्ध, आणि अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर पोट. अशा वेळी पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत त्यांनी जाहीर केलं, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपण फाशी घेऊ. शेतकऱ्याच्या मुलाने पावसाच्या भरवशावर मुदत द्यायला नको होती, असं आज वाटतं. राज्य तुटीतच राहिलं, आणि हे वाक्य विरोधकांनी व पत्रकारांनी त्यांना पुढे पुन्हा पुन्हा ऐकवलं.

पण काम थांबलं नाही. संकरित ज्वारीचं बियाणं गावोगाव पोचवलं गेलं. सुरुवातीला शेतकरीच नाक मुरडत होते, कारण भाकरी चांगली होत नाही, दाणा काळा पडतो. विहिरी, पंप, खत यांसाठी कर्ज मिळू लागलं. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२ अशी चार कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळात उभी राहिली. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या भातशेतीला दापोलीचा आधार मिळाला तो तेव्हापासून.

मग १९७० पासून सलग तीन वर्षं पावसाने दगा दिला, आणि १९७२ ला कहर झाला. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात कवडीमोलाने गेली. शहरात महागाईने कळस गाठला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांनी मुंबईत बायकांचे लाटणं मोर्चे काढले. स्वयंपूर्णतेच्या घोषणेचं काय झालं, हा प्रश्न मोठ्या टाईपात येऊ लागला. मजुरी वेळेवर मिळत नाही, हजेरीपटात खोटी नावं आहेत, नुसती खडी फोडून काय होणार, मिलो माणसांनी खायचा का, हे सगळं छापून येत होतं. त्यातलं बरंच खरं होतं.

इथे सरकारपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे सगळं ठीक आहे असं पत्रक काढायचं. दुसरी, मागेल त्याला काम द्यायचं. वसंतरावांच्या सरकारने दुसरी वाट धरली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. रस्ते, बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव अशी कामं निघाली. सुकडी वाटली गेली. मजुरी कमी होती, हाल झाले, हे नाकारता येत नाही. पण एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींची लाट आली नाही. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास केला, तेव्हा या यशात सरकारी कामांबरोबर मोर्चे आणि लोकांच्या दबावालाही श्रेय दिलं. म्हणजे ज्या ओरड्याचा सरकारला त्रास झाला, तिनेच सरकारला जागं ठेवलं.

याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना पुढे आली. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला होता. १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली. १९७७ मध्ये कायदा संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागला. आज घोडबंदर रोडच्या इमारतीत राहणाऱ्या नोकरदाराच्या पगारातून हा कर कापला जातो, पण तो मुळात दुष्काळी मजुरासाठी लागला होता हे त्याला ठाऊक नसतं. २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता.

१९७५ मध्ये पद गेलं. १९७७ मध्ये वसंतराव वाशीमहून खासदार झाले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर इथे त्यांचं निधन झालं. हमीचा कायदा लागू झाल्याला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते.

एक गोष्ट स्वतःची सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या सजातलं भात बियाणं उशिरा पोचलं. पेपरात बातमी आली. मी रागाने खुलासा लिहायला बसलो. एका वयस्कर सहकाऱ्याने विचारलं, की बियाणं किती जणांना मिळालं ते आधी मोजलंस का? मोजलं नव्हतं. यादी घेऊन गावात गेलो, तर बातमीत होती त्यापेक्षा जास्त नावं राहिलेली निघाली. दोन दिवस फिरून बियाणं पोचवलं. खुलासा लिहिलाच नाही.

ग्रामसेवक, तलाठी, सरपंच मंडळींना एवढंच सुचवतो. गावाबद्दल बातमी आली की आधी हजेरीपट, वाटप रजिस्टर उघडा. बातमी खोटी असेल तर तेच कागद दाखवा. खरी असेल तर काम दुरुस्त करा. आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हीही गप्प बसू नका. बहात्तरला लोक बोलले म्हणून कामं निघाली.