मुरुडच्या शाळेतून महिला विद्यापीठाकडे : महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे जीवनकार्य

महाराष्ट्रात मुरुड नावाची गावे एकाहून अधिक आहेत. मराठवाड्यातील वाचकांना मुरुड म्हटले की लातूरजवळचे मोठ्या बाजाराचे गाव आठवते, तर रायगडकरांना जंजिऱ्याच्या शेजारचे मुरुड आठवते. या लेखात ज्या मुरुडविषयी लिहावयाचे आहे ते रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, हर्णै बंदर आणि सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या जवळ वसलेले आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या, असे हे छोटेसे गाव. याच गावाच्या मराठी शाळेत भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी अक्षरे गिरविली. भारतातील पहिल्या महिला विद्यापीठाचे संस्थापक म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु त्यांच्या कार्याचे मूळ शोधावयाचे झाल्यास मुरुडच्या शाळेपासूनच प्रारंभ करावा लागतो.

बालपण आणि गुरुजी

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी त्यांच्या आजोळी, शेरवली या गावी झाला. घराणे मुरुडचे. एकेकाळी बरी असलेली घरची स्थिती तोवर खालावली होती. घरात शिस्त आणि काटकसर होती, पण शिक्षणावर खर्च करण्याइतका पैसा नव्हता.

मुरुडच्या शाळेत विनायक लक्ष्मण सोमण हे शिक्षक त्यांना लाभले. सोमण गुरुजी केवळ पाठ्यपुस्तक शिकवून थांबणारे नव्हते. गावातील लोकांना जगात काय चालले आहे ते कळावे, अशी त्यांची तळमळ होती. त्या काळी खेड्यात वर्तमानपत्र क्वचितच येई आणि आले तरी वाचता येणारे थोडेच. गुरुजींच्या प्रेरणेने लहानगा धोंडू गावकऱ्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवू लागला. आपण शिकलो ते दुसऱ्यांच्या उपयोगी पडले पाहिजे, हा धडा त्याला येथे मिळाला आणि तो जन्मभर पुरला.

साताऱ्याची पायपीट

गावच्या शाळेत शिक्षणाची मर्यादा लवकरच आली. त्या काळी मराठी सहावीची सार्वजनिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास शिक्षकाची किंवा सरकारी नोकरी मिळण्याची आशा असे. मात्र परीक्षेचे केंद्र मुरुडच्या आसपास कोठेही नव्हते. पावसाळी दिवसांत समुद्रमार्गाचा भरवसा नसे. म्हणून १८७५ मध्ये धोंडू आणि त्याच्या काही सोबत्यांनी सह्याद्री ओलांडून पायी सातारा गाठण्याचे ठरविले. अंतर सुमारे ११० मैल. घाटवाटा, पाऊस आणि पाठीवर सामान अशा स्थितीत ही मुले वेळेवर साताऱ्यास पोहोचली.

परीक्षेला बसण्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. धोंडूचे वय पूर्ण होते, पण अंगकाठी लहान होती. त्याच्या वयावर परीक्षकांचा विश्वास बसला नाही आणि त्याला परीक्षेला बसू दिले गेले नाही. एवढ्या पायपिटीनंतर रिकाम्या हातांनी परतावे लागले. दुसऱ्या वर्षी त्याने कोल्हापूर केंद्रातून ती परीक्षा दिली व तो उत्तीर्ण झाला.

या प्रसंगातून खेड्यातील मुलाची खरी अडचण ध्यानात येते. त्याच्याकडे बुद्धी होती आणि कष्टांची तयारीही होती, परंतु शिक्षणाचे दार त्याच्या गावापासून शंभर मैल दूर होते. ते दार गावाजवळ आणले पाहिजे, ही जाणीव कर्वे यांच्या पुढील आयुष्यात वारंवार कृतीत उतरलेली दिसते.

मुंबईतील शिक्षण आणि मुरुड फंड

इंग्रजी शिक्षणाला त्यांना उशिराच सुरुवात करता आली. मुंबईतील रॉबर्ट मनी स्कूल या मिशनरी शाळेतून ते १८८१ मध्ये मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. पुढे विल्सन महाविद्यालयात आणि नंतर एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १८८४ मध्ये त्यांनी गणित विषयात बी. ए. पदवी मिळविली. शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला. पदवीनंतर ते मुंबईतील शाळांतून गणित शिकवू लागले. कॅथीड्रल आणि अलेक्झांड्रा या मुलींच्या शाळांतही त्यांनी अध्यापन केले. मुलींना योग्य शिक्षण मिळाले तर गणितासारखा विषयही त्या उत्तम रीतीने आत्मसात करतात, हे त्यांना तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

मिळकत बेताचीच होती, तरीही आपल्या गावाचे ऋण ते विसरले नाहीत. नोकरी-व्यवसायानिमित्त बाहेर गेलेल्या मुरुडकरांनी आपल्या उत्पन्नातील थोडा भाग गावासाठी द्यावा, अशी कल्पना त्यांनी मांडली आणि १८८६ मध्ये मुरुड फंड सुरू केला. गावातील शिक्षण आणि इतर सार्वजनिक कामे यांना या निधीने हातभार लावावा, हा त्यामागील हेतू होता. कोणा एका धनिकाच्या देणगीची वाट न पाहता अनेकांनी थोडे थोडे आणि नियमित द्यावे, ही पद्धत त्यांनी येथे प्रथम अवलंबिली. पुढील ५० वर्षे संस्था उभारताना हीच पद्धत त्यांच्या कामी आली.

पुनर्विवाह आणि गावाचा बहिष्कार

१८९१ हे वर्ष त्यांच्या जीवनात दुःखाचे आणि बदलाचे ठरले. त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे निधन झाले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १९१४ पर्यंत ते तेथे शिकवीत होते.

त्या काळच्या रीतीप्रमाणे विधुर पुरुषाने कुमारिकेशी विवाह करणे सहज मान्य होते. विधवेला मात्र पुनर्विवाहाचा विचारही करता येत नसे. बालपणीच विधवा झालेल्या मुलींचे केशवपन होई आणि त्यांचे उर्वरित आयुष्य माजघराच्या अंधारात जाई. कर्वे यांनी पुन्हा विवाह करावयाचा झाल्यास विधवेशीच करीन, असा निश्चय केला.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई वयाच्या आठव्या वर्षी विधवा झाली होती. पंडिता रमाबाई यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाईच. रमाबाई ख्रिस्ती होत्या आणि त्यांच्या सदनाभोवती पुढे मोठे वादळ उठले. परंतु विधवांना शिक्षण, निवारा आणि सन्मान देणारे हे घर महाराष्ट्राला एक नवी वाट दाखवून गेले, यात शंका नाही. सदनाच्या स्थापनेला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात धोंडोपंत आणि गोदूबाई यांचा विवाह झाला. गोदूबाई आता आनंदीबाई झाल्या. पुढे सर्वजण त्यांना बाया म्हणून ओळखू लागले.

या विवाहाची सर्वांत जड किंमत मुरुडमध्येच मोजावी लागली. ज्या गावासाठी त्यांनी निधी उभारला होता, त्याच गावाने त्यांना वाळीत टाकले. त्यांच्यासमवेत कोणी बसू नये आणि घरच्यांनी त्यांना थारा दिल्यास त्यांच्यावरही बहिष्कार घालावा, असे गावाने ठरविले. वृद्ध आई आणि थोरले भाऊ यांची कोंडी झाली. आपल्याच गावी आल्यावर नवदांपत्याला घरच्यांपासून अलग राहावे लागले.

वाचकहो, अशा वेळी माणूस दोनच गोष्टी सहसा करतो. एक तर तो नमते घेतो किंवा गावाशी कायमचे वैर धरतो. कर्वे यांनी दोन्ही केले नाही. आपल्या निर्णयापासून ते तिळमात्र ढळले नाहीत आणि गावाविषयी त्यांनी मनात कटुताही बाळगली नाही. लोकांचा विरोध अज्ञानातून येतो आणि अज्ञानावर उपाय शिक्षण हाच आहे, अशी त्यांची धारणा होती.

हिंगण्याची झोपडी

१८९३ मध्येच त्यांनी विधवाविवाहाला साहाय्य करणारी मंडळी स्थापन केली. परंतु विवाह हा काहींचाच मार्ग ठरू शकतो, प्रत्येक विधवेला स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. १४ जून १८९६ रोजी त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कामे त्यांनी हेतुपुरस्सर वेगळी ठेवली. ज्या आई-वडिलांना पुनर्विवाह मान्य नव्हता, त्यांनाही आपली विधवा मुलगी शिक्षणासाठी निर्धास्तपणे पाठविता यावी, हा त्यामागील विचार होता.

पुढे रावबहादूर गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगणे येथे सहा एकर जागा दिली आणि १९०० मध्ये तेथे एक साधी झोपडी उभी राहिली. भोवती माळरान, ये-जा करण्यास धड रस्ता नाही, अशी स्थिती. प्राध्यापक कर्वे दिवसा महाविद्यालयात शिकवीत आणि संध्याकाळी सुमारे चार मैल चालत हिंगण्याला जाऊन आश्रमातील मुलींना शिकवीत. स्वतःची शिल्लक आणि विम्याची पॉलिसीदेखील त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरातील ओढाताण मात्र बायांना सोसावी लागे. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याही आश्रमात शिकल्या आणि पुढे संस्थेसाठी निधी गोळा करण्यास गावोगाव, इतकेच नव्हे तर अमेरिकेपर्यंत गेल्या. कर्वे यांच्या कार्याचा विचार करताना या दोन बहिणींचा त्याग विसरता येत नाही.

१९०७ मध्ये अविवाहित आणि विवाहित मुलींसाठी महिला विद्यालय सुरू झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्वे यांच्या वाचनात आली आणि आपल्या देशातही असे विद्यापीठ असावे, असा ध्यास त्यांनी घेतला. १९१६ च्या जून महिन्यात हे स्वप्न साकार झाले. पहिल्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. या विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून दिले जाई, ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला देण्यात आले. १९५१ मध्ये त्याला कायद्याने पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज आपण एस. एन. डी. टी. म्हणून ओळखतो ते हेच विद्यापीठ.

पुन्हा खेड्यातील शाळेकडे

१९२९ ते १९३२ या काळात कर्वे यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे प्रवास करून आपल्या कार्याची माहिती दिली. तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. एवढ्या कार्यानंतर कोणीही विश्रांती घेतली असती. पण १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत सरकारी अथवा लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तेथे प्राथमिक शाळा काढणे हे या मंडळाचे उद्दिष्ट. त्यासाठी हे वृद्ध गृहस्थ लोकांकडून लहान लहान वर्गण्या गोळा करीत फिरू लागले. विद्यापीठ उभारणारा माणूस पुन्हा खेड्यातील पहिलीच्या वर्गाकडे वळला. मुरुड फंडाची जुनीच रीत त्यांनी आता इतर गावांसाठी वापरली.

त्यांच्या कार्याला काळाच्या मर्यादाही होत्या. प्रारंभी आश्रमाचा लाभ प्रामुख्याने उच्चवर्णीय स्त्रियांनाच मिळाला. मात्र वयाबरोबर त्यांचे विचार आकुंचित न होता विस्तारत गेले. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, जातिभेद आणि विषमता यांविरुद्ध त्यांनी समता संघाची स्थापना केली.

१९५० मध्ये बायांचे निधन झाले. कर्वे यांना १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. त्याच वर्षी १८ एप्रिल रोजी त्यांच्या हयातीतच भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०४ व्या वर्षी, पुणे येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला.

हिंगण्याच्या त्या माळरानाचा परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि झोपडीतून वाढलेल्या संस्थेत हजारो मुली शिकत आहेत. ज्या मुरुडने एकेकाळी त्यांना वाळीत टाकले, ते गाव आज महर्षी कर्वे यांचे गाव म्हणून अभिमानाने आपली ओळख सांगते. या बदलासाठी कर्वे यांनी गावाशी वाद घातला नाही की गावाची वाटही पाहिली नाही. ते शाळा काढीत राहिले. ज्या गावात आजही एखादी लहानशी शाळा लोकांच्या वर्गणीवर आणि एखाद्या तळमळीच्या शिक्षकावर उभी आहे, तेथे सोमण गुरुजी आणि त्यांचा तो किरकोळ अंगाचा विद्यार्थी यांचेच काम पुढे चालू आहे.