चक्कर डोळ्यांत पाहणारे बाराणी

कान धुण्यासाठी पाण्याची पिचकारी मारली की काही रुग्णांना गरगरते, हे कानाच्या डॉक्टरांना जुनेच ठाऊक होते. ते का होते, हे रॉबर्ट बाराणी यांनी शोधले.

२२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्ना येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणी हाडांच्या क्षयाने त्यांचा एक गुडघा कायमचा आखडला. १९०० मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे व्हिएन्नातच कानाच्या विभागात काम करू लागले. कान धुताना चक्कर आली की रुग्णाची बुबुळे हळू सरकतात आणि झटक्याने परत येतात, हे त्यांनी टिपले. पाणी पुरेसे गरम नसले की गरगरते, असे एका रुग्णाने सांगितल्यावर त्यांनी मुद्दाम जास्त गरम पाणी वापरले. चक्कर आलीच, पण बुबुळांची दिशा उलटली!

बाराणींना आंघोळीचा बंब आठवला. तापलेले पाणी वर चढते, गार खाली राहते. अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या नलिकांमधील द्रवही तसाच हलतो आणि डोके फिरत असल्याचा भास मेंदूला होतो. ज्या कानाची ही यंत्रणा निकामी असते, तिथे पाणी सोडूनही डोळे स्थिर राहतात. यातून कॅलरिक चाचणी जन्मली. (१९८३ मध्ये अंतराळातील वजनरहित अवस्थेतही डोळे हलले, त्यामुळे बंबाचे स्पष्टीकरण अपुरे ठरले, चाचणी मात्र टिकली.)

१९१४ सालच्या नोबेल पारितोषिकाची बातमी आली, तेव्हा बाराणी रशियात युद्धकैदी होते. स्वीडनच्या राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये ते सुटले. व्हिएन्नातील सहकाऱ्यांनी मात्र इतरांचे श्रेय लाटल्याचा आरोप केला. १९१७ मध्ये ते स्वीडनमधील उप्साला येथे गेले आणि ८ एप्रिल १९३६ रोजी तिथेच वारले.

१९२१ मध्ये त्यांनी एका तरुण स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. कुशीवर वळताच तिला गरगरायचे. तिचे म्हणणे मनाचा खेळ न मानता त्यांनी कारण अंतर्कर्णात शोधले. ही चक्कर पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होते, हे आज माहीत आहे. वय वाढेल तसे तिचे प्रमाणही वाढते. अंतर्कर्णातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागेवरून निसटल्याने ती येते.

कॅलरिक चाचणीत मात्र स्त्री की पुरुष, यापेक्षा व्यक्तीव्यक्तीतला फरक मोठा असतो. म्हणून ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे पाणी वापरून त्याच व्यक्तीचा डावा कान उजव्याशी ताडतात. बाईची चक्कर अशक्तपणाच्या किंवा काळजीच्या खात्यावर टाकण्याआधी तिचे डोळे तपासायला हवेत. कुशीवर वळताना येणारी चक्कर बहुधा डोके ठरावीक क्रमाने वळवून काही मिनिटांत आटोक्यात येते. मात्र चक्करेसोबत बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळे पडले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.