हैदराबादहून निघाले अन् धूमकेतूला नाव देऊन गेले : शास्त्रज्ञ वेणू बाप्पू

धाराशिव : आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्याच हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला असलेल्या एका माणसाच्या पोराचं नाव आभाळातल्या धूमकेतूला मिळालं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ते म्हणजे वेणू बाप्पू.

जन्म १० ऑगस्ट १९२७, मद्रासचा. वडिलांमुळे लहानपणापासून दुर्बिणीचा नाद लागला. निजाम कॉलेजात शिक्षण झालं. संस्थान भारतात सामील झाल्यावर काही महिन्यांतच, १९४९ मध्ये, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. त्याच वर्षी २ जुलैच्या रात्री त्यांनी घेतलेल्या फोटोच्या काचेवर नवा धूमकेतू सापडला. बॉक आणि न्यूकर्क या सहकाऱ्यांसह त्यांचं नाव त्याला मिळालं. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २१.

धूमकेतू म्हणजे आपलं शेंडेनक्षत्र. ते दिसलं की दुष्काळ पडतो, राजा मरतो, असं जुनी माणसं म्हणायची. खरं काय, ते १९५० मध्ये हार्वर्डच्याच फ्रेड व्हिपल यांनी मांडलं. व्हिपलही शेतकऱ्याचेच पोर. धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा. सूर्याजवळ आला की हा बर्फ पाणी न होताच वाफ होऊन उडतो, कापूर उडतो तसा. वरची काळी खपली सगळीकडून सुटत नाही. जिथं ती कच्ची असेल तिथूनच वायू जोरात बाहेर पडतो, फुटक्या ठिबक नळीतून चिळकांडी उडावी तसा. यानंच धूमकेतूभोवती धुरकट वेढा तयार होतो. मोटर चालू केल्यावर मोकळा पाइप जसा मागं उसळतो, तसा या चिळकांड्यांचा धक्का गाभ्याला बसतो. म्हणून काही धूमकेतू ठरल्या वेळेच्या आगेमागे येतात.

बाप्पूंना अमेरिकेत राहता आलं असतं. पण ते १९५३ मध्ये परतले. नैनितालची वेधशाळा उभी केली, १९६० मध्ये कोडाईकनालची सूत्रं घेतली, तमिळनाडूत कवलूरच्या डोंगरात नवं केंद्र काढलं. १९७९ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेचे ते अध्यक्ष झाले. भारतातच मोठी दुर्बीण बनवायची, हा त्यांचा ध्यास होता. ती पुरी व्हायच्या आधीच १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं. वय ५५.

कवलूरची २.३४ मीटरची दुर्बीण जानेवारी १९८६ मध्ये त्यांच्या नावानं देशाला अर्पण झाली. त्याच मार्चमध्ये युरोपचं जिओटो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं. कोळशाहून काळ्या गाभ्यातून, उन्हाच्या बाजूनं उडणाऱ्या चिळकांड्या जगानं फोटोत पाहिल्या. व्हिपल यांनी ते पाहिलं. बाप्पूंना मात्र साडेतीन वर्षं कमी पडली.